न्यू पॅरिस टेलर्स पॅरिसला जातात

३ मार्च, रविवार

जेनिफरचा फोन. लग्न ठरलं. १८ मे, पॅरिसमध्ये. मुलगा तिकडचाच, नाव ल्युक. बायबलातलं नाव आहे, म्हणजे घराणं चांगलं असणार.

सहा वर्षं झाली पोरीला तिकडे जाऊन. एका हॉटेलात रिसेप्शनला असते. इतक्या वर्षांत एकदाही यायला जमलं नाही. नोकरीच तशी आहे. आमचं भांडण वगैरे काही नाही. जाताना थोडं बोलणं झालं होतं, आमच्या चर्चमधल्या मार्कसरांच्या स्थळावरून, पण ते दोन्हीकडून केव्हाच विसरलेलं आहे. निरोप द्यायला मी गेलो नाही, कारण दुकानात दिवाळीची गर्दी होती.

गाऊन मी शिवणार. ती म्हणाली की पप्पा, ड्रेस मी घेतलाय, तुम्ही आणि आई फक्त या. मी काय ते समजलो. बापाला या वयात त्रास नको, एवढाच अर्थ.

नगरला कापड बाजारामागे छत्तीस वर्षं माझा बोर्ड आहे. न्यू पॅरिस टेलर्स, सूट व लग्नाच्या गाऊनचे स्पेशालिस्ट. गिऱ्हाइकं खवचटपणे विचारायची, मास्तर, पॅरिसला कधी गेल्ता? आता विचारा म्हणावं.

१० मार्च, रविवार

ठराव केले. रोज दहा फ्रेंच शब्द. पॅरिसमधल्या दोनतीन नामांकित मास्टर लोकांना भेटून आपलं काम दाखवायचं. टॉवरसमोर सूटमध्ये फोटो काढून नव्या बोर्डावर टाकायचा. आणि लग्नात मुलीचा हात धरून वेदीपर्यंत नेताना डावा पाय आधी.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, पाय कुठलाही चालतो. त्यांना मुलगी नाही.

१५ मार्च

माप-वही काढली. २०१८चं पान सापडलं. जाताना जेनिफरला इंटरव्ह्यूसाठी निळा ब्लेझर शिवला होता, त्याचं माप. छाती बत्तीस, कंबर सव्वीस, शोल्डर चौदा. माझंच अक्षर.

बन्सी म्हणाला, मास्तर, फोन करून नवं माप मागवा. नसंल मागवायचं तर आत दोन इंच मार्जिन तरी सोडा. पोरगी काय तवाचीच राह्यली हाय व्हय?

बन्सी पारनेरकडचा. बावीस वर्षं माझ्याकडे कारागीर आहे. हात चांगला, डोकं बेताचं. मी त्याला सांगितलं, मार्जिन म्हणजे काय? शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवायचं, उद्या माप चुकलं तर उसवायला. ज्याचा स्वतःच्या टेपवर भरवसा नाही, त्याने ते ठेवावं. मी आयुष्यात ठेवलं नाही. माझ्या दुकानातून कपडा गेला की तो अंगाला बसलाच पाहिजे, नाहीतर अंगाची चूक.

बन्सी हसला नाही. विनोद त्याला कळत नाहीत.

२१ मार्च

सॅटिन आणलं. कटिंग स्वतः केलं. बन्सीला हात लावू दिला नाही. कपाटाला कुलूप.

फ्रेंच: आठ शब्द. पैकी तीन खाण्याचे.

३१ मार्च, ईस्टर

गाऊन तयार. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात सगळ्यांना दाखवला. बायकांनी हात लावून पाहिला. मोनिकाबाई म्हणाल्या, पॅरिसवाले बघत राहतील. मोनिकाबाईंना कपड्यातलं कळतं.

मार्कसरही होते. मी त्यांना मुद्दाम शिवण आतून उलटून दाखवली. बघा, एक सूतभर जादा नाही. मार्कसर म्हणाले, जेनिफर बरी आहे ना? म्हणजे त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. वाईट वाटलं त्यांचं.

१२ एप्रिल

माझा थ्रीपीस पूर्ण. फ्रेंच बंद केलं. लग्नात इंग्रजी चालतं असं ऐकलं.

बायकोची, कृपाची, कुरकुर सुरू आहे. तिचं म्हणणं, पोरीनं सांगितलंय ना ड्रेस हाय म्हणून. आवो, तिचं ऐकाल का एकदा तरी? मी म्हटलं, ऐकतोच आहे. कृपा सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. तिला सगळीकडे दुखणंच दिसतं.

१३ मे, सोमवार

मतदान केलं. बोटाला शाई. उद्या मुंबईला निघायचं, परवा विमान.

बन्सी निघताना म्हणाला की पोरीला माझा आशीर्वाद सांगा. सांगेन. एक चपटा डबा दिला, शेंगदाण्याची चटणी असावी. बॅगेत जागा नव्हती, कृपाच्या पर्समध्ये गेला.

१६ मे, गुरुवार. पॅरिस. सकाळ

विमानात गाऊन मांडीवर घेऊन बसलो. कव्हरवर दुकानाचं नाव छापलेलं आहे, ते बाहेरच्या बाजूला. एअर होस्टेसने वाचलं आणि हसली. कौतुकाचं हसू ओळखू येतं.

पासपोर्ट तपासणाऱ्याने बोटाची शाई बघून विचारलं. लोकशाही, म्हटलं. त्याने शिक्का मारला.

जेनिफर आली नाही, ड्यूटी होती. ल्युक आला होता. उंच आहे, हसरा आहे. पँट घोट्याच्या वर संपते, मोजे नाहीत. मी विचारलं, कुणी शिवली? म्हणाला, विकत घेतली. मुद्दाम अशीच. मी काही बोललो नाही. सासऱ्याने पहिल्या दिवशी बोलू नये.

सिनेमात दिसतं ते पॅरिस कुठे आहे कोण जाणे. येताना भिंतींवर रंगाचे फरांटे, पुलाखाली तंबू, आणि बारीक पाऊस. पण सगळ्यांत मोठा धक्का म्हणजे कपडे. छत्तीस वर्षं ज्या शहराचं नाव मी डोक्यावर घेऊन बसलो, त्या शहरात एक इस्त्री केलेला माणूस दिसला नाही. चुरगळलेले कोट. फाटक्या जीन्स. काळं, काळं, काळं. घोडेगावच्या बाजारात बैल विकायला येणारा माणूस यांच्यापेक्षा ताठ कपड्यात येतो.

आम्हाला हॉटेलात उतरवलं आहे. खोली आमच्या ट्रायल रूमएवढी. जेनिफरच्या घरी नाही. लेकीच्या घरी आईबापाने राहू नये, हा आपल्याकडचा रिवाज पोरीने लक्षात ठेवला. बरं वाटलं.

कृपा म्हणाली, रिवाज कसला, तिनं आपल्याला इचारलं तरी का कधी घर कसं हाय ते? मी पडदा लावला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

जेनिफर आली. आधी कृपाच्या गळ्यात पडली, बराच वेळ. मग माझ्या. थोडी वेगळी दिसते. केस कापलेत. अंगात जाड जाकीट होतं, त्यामुळे भरल्यासारखी वाटली.

मी लगेच गाऊन काढला. ती म्हणाली, पप्पा, किती सुंदर आहे. मग म्हणाली की पण मी सांगितलं होतं ना. मी म्हटलं, आधी घाल, मग बोल.

घातला. मागची चेन वर जाईना. कृपाने ओढलं. मी ओढलं. तीन इंच कमी. मी म्हणालो, श्वास रोखून धर. ती म्हणाली, लग्नातपण? आणि हसली. मी हसलो नाही. मग तीही थांबली. कृपा म्हणाली, सोडा आता, पोरीला लागतंय.

विमानात एसी फार होता. सॅटिन आकसलं आहे.

खिशात टेप होता. पण गरज काय? उद्या कापड पूर्ववत होईल.

१७ मे, शुक्रवार

कापड पूर्ववत झालं नाही.

सकाळी टॉवर. अर्धा ढगात. वर जायची रांग बघून कृपाने बाकावर बसून घेतलं. थ्रीपीस घालून फोटो काढला. कृपाने काढला. टॉवरचे चार पाय आले आहेत आणि माझं डोकं आलेलं नाही. सूट मात्र स्पष्ट आला आहे. बोर्डासाठी चालेल.

मग एका मोठ्या रस्त्यावरच्या नामांकित टेलरकडे. काचेत एकच कोट, बाकी सगळी जागा रिकामी. गिऱ्हाईक नसणार. दारातल्या मुलीला कार्ड दिलं. तिने न्यू पॅरिस टेलर्स वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. अपॉइंटमेंट आहे का विचारलं. मी म्हटलं, आम्ही एकाच धंद्यातले. तिने मला पाणी दिलं. फार आदर. पाणी संपल्यावर तिने स्वतः दार उघडून धरलं.

दुपारी हॉटेलमागच्या गल्लीत एक आल्टरेशनचं दुकान सापडलं. दोन मशीन, एक दिवा. मालक बांगलादेशचा, सिल्हटकडचा, वीस वर्षं इथे चेन बसवतो आणि पँटी आखूड करतो. हिंदी बोलत होता. पॅरिसमध्ये भेटलेला पहिला माणूस, ज्याच्या कानामागे खडू होता. मी गाऊन पुढे ठेवला. त्याने टाके पाहिले आणि म्हणाला की हाथ बहुत साफ है, मास्टरजी. बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग त्याने शिवण उलटी केली. बोटाने चाचपली. दुसऱ्या बाजूची चाचपली. आणि विचारलं, मार्जिन किधर है?

मी म्हटलं, नहीं रखा.

तो म्हणाला, क्यूँ?

छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाही. उत्तर माझ्याकडे होतं, बन्सीला दिलेलं, पण ते हिंदीत येईना. मग तोच म्हणाला की बगलेखाली दुसऱ्या कापडाची तिकोनी कळी जोडतो, सोमवारी देतो. लग्न शनिवारी आहे म्हटल्यावर त्याने गाऊन नीट घडी करून परत दिला. चहा पाजला. चहा मात्र गावच्यासारखा होता.

१८ मे, शनिवार

लग्न झालं.

चर्चमध्ये नाही. नगरपालिकेत. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. कृपाला माहीत होतं. जेनिफरने मार्चमध्येच सांगितलं होतं म्हणे, मी फोनवर गाऊनबद्दल बोलत होतो तेव्हा. आमच्याकडे नगरपालिकेत माणूस जन्माचा दाखला आणायला जातो.

हॉलच्या दाराशी मी उभा राहिलो. थ्रीपीस, खिशात गुलाब, डावं कोपर बाहेर. वेदी नाही तर नाही, टेबलापर्यंत तरी नेईन, असं ठरवलं होतं. जेनिफर दुसऱ्या दाराने आली. ल्युकचा हात धरून, हसत, जवळजवळ पळत. माझं कोपर तसंच बाहेर राहिलं. मग कृपाने त्यात हात घातला. तिचा गुडघा दुखत असावा.

जेनिफरचा ड्रेस साधा, दुधी रंगाचा, गुडघ्यापर्यंत. दुकानातला. आणि पाऊस होता म्हणून वर ब्लेझर. निळा.

माझा ब्लेझर. कॉलर पाहताच ओळखला. आणि कसा बसला होता! खांद्याला सुरकुती नाही, कमरेला ओढ नाही. मी कृपाच्या कानात म्हणालो, बघ, सहा वर्षांपूर्वीचं माप. मुलगी तसूभरही बदललेली नाही. सॅटिनच दगाबाज निघालं. कृपा म्हणाली, गप ऱ्हा, सह्या चालल्यात.

तीनरंगी पट्टा घातलेल्या नगरपालिकेच्या बाईंनी काहीतरी वाचलं. दोघं हो म्हणाली. बारा मिनिटं. बाहेर पुढचं लग्न उभं होतं.

मग हॉटेलात जेवण, वीस माणसं. मी भाषणाला उभा राहिलो. नऊ मिनिटं बोललो. माझे कष्ट, दुकानाचा इतिहास, मुलीला कसं शिकवलं, ती दूर गेली तरी मी मनात काही कसं ठेवलं नाही. मराठीतच बोललो, ते मनातून येतं. जेनिफरने भाषांतर केलं. एका वाक्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फ्रेंच फार आटोपशीर भाषा आहे.

तेवढ्यात कृपाने पर्समधून बन्सीचा डबा काढून तिला दिला. चटणी नव्हती. बटणं होती. निळी, चार, ब्लेझरसारखीच. सोबत कागदाचा चिटोरा, की पोरी, एखादं पडलं असंल तर. जेनिफर ते हातात धरून रडायला लागली. ल्युक घाबरला. माझ्या भाषणाचा परिणाम उशिरा झाला, असं मला वाटलं.

ती डोळे पुसायला उठली. ब्लेझर खुर्चीवर होता. मी सवयीने शिवण उलटी केली.

दोन्ही बाजूंना दीडदीड इंच उसवून सोडलेलं. जुन्या टाक्यांची रेघ अजून दिसत होती, आणि नव्या शिवणीच्या पलीकडे अजूनही अर्धा इंच कापड शिल्लक होतं. माझ्या दुकानातून गेलेल्या कपड्यात. रेघ बन्सीच्या हाताची. तो डावखुरा आहे, त्याचा टाका उलटा कलतो.

जेनिफर आली तेव्हा शिवण माझ्या हातात होती. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, दुसऱ्याच वर्षी उसवून घेतला, पप्पा, नाहीतर तेव्हाच टाकावा लागला असता. बन्सीकाकांनी एसटी स्टँडवर सांगितलं होतं. माळीवाड्याला तेच आले होते ना बॅग घेऊन, ऑगस्टात. म्हणाले, पोरी, आत दोन-दोन इंच सोडलंय. अंग भरलं की उसवून घे. मास्तरला बोलू नको.

आणि म्हणाली, मी बसमध्ये खिडकीशी बसले होते. बस सुटेपर्यंत दुकानाच्या रस्त्याकडे बघत होते.

ऑगस्टात दिवाळी नसते. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तेव्हा दुसरी कसली तरी गर्दी असावी.

१९ मे, रविवार

ती दोघं सकाळीच समुद्राकडे गेली. तिकिटं आधीची काढलेली होती. जाताना जेनिफर हॉटेलवर आली, आईला औषधांची पिशवी दिली, मला मफलर दिला. म्हणाली की पप्पा, गाऊन ठेवून घेऊ का, आठवण म्हणून? मी म्हटलं, बसत नाही तो ठेवून काय करशील. बोलून गेलो. ती बरं म्हणाली.

दिवसभर पाऊस. कृपा झोपून आहे. या शहराबद्दल लोक उगाच बोलतात.

२३ मे, गुरुवार. नगर

दुकान उघडलं. ठराव: आल्याआल्या बन्सीला खडसावायचं. मालकाच्या मापाखाली चोरून कापड सोडणं म्हणजे बेइमानी. वाक्य गाडीतच तयार केलं होतं.

बन्सीने विचारलं, पोरगी बरी हाय का? बरी आहे म्हटलं. बटणं मिळाली का? मिळाली. तो म्हणाला, झालं मग.

त्याने कव्हरातून गाऊन काढला, चेनजवळ ताणलेलं कापड पाहिलं, इस्त्री फिरवली आणि टांगून ठेवला. खडसावायचं उद्यावर टाकलं.

२६ मे, रविवार

चर्चमध्ये सगळ्यांनी लग्नाचा फोटो मागितला. दाखवला. मोनिकाबाई म्हणाल्या, ब्लेझरच्या आत गाऊन हाय का? हो म्हणालो. त्या म्हणाल्या, आखूड वाटतो. म्हटलं, तिकडे आता तशीच फॅशन आहे.

मार्कसर फोटो बराच वेळ बघत होते. म्हणाले, खूश दिसते. मी फोन परत घेतला.

नवा बोर्ड सध्या थांबवला आहे. डोकं नसलेला फोटो पेंटरला पसंत पडला नाही.

३० मे, गुरुवार

माप-वहीत नवीन पान काढलं. वर लिहिलं, जेनिफर, २०२४. खाली छाती, कंबर, शोल्डर, बाही. आणि पेन थांबलं.

चार दिवस ती समोर होती. टेप खिशात होता. घेतलंच नाही.

बन्सी म्हणाला, आंदाजानं लिव्हा की मास्तर, तुमचा डोळा हाय. टोमणा होता का, कळलं नाही. अंदाजाने लिहिलं नाही.

फोन लावला. तिने उचलला, मागे हॉटेलचा गलका होता. माप विचारलं. ती म्हणाली, पप्पा, ड्रेस नको. मी म्हटलं, ड्रेस नाही, नुसतं लिहून ठेवायचं आहे. ती म्हणाली, ड्यूटीवर आहे, रविवारी करते.

२ जून, रविवार

चर्चला गेलो नाही. फोन हातात घेऊन बसलो. तिकडे साडेतीन तास मागे असतं. म्हणजे अजून वेळ आहे.

३ जून, सोमवार

फोन आला होता. काल, मी दळण आणायला गेलो तेवढ्यात. कृपाच्या मोबाईलवर. पस्तीस मिनिटं बोलल्या दोघी. कृपाने आज सांगितलं.

मी विचारलं, माप घेतलंस का लिहून? कृपा म्हणाली, काढला होता विषय. ती म्हणाली, ड्रेस शिवायचा न्हाई, तर पप्पांना माप कशाला हवंय? मला सांगता येईना. तुमीच सांगा, काय सांगायचं तिला?

मी माप-वही उघडली आणि जेनिफरच्या पानात खूण म्हणून टेप ठेवला.